ओपनडब्ल्यूआरटी राउटरवर नेट अडतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या किंवा दुकानातल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी घातलेल्या लोकांकडून मला जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाका. आकडेही अर्थातच इंग्रजी.

१. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे नक्की काय? कंपनीच्या सॉफ्टवेअरपेक्षा यात बिघाड जास्त होतात का?

राउटरवर चालणारं हे मुक्त स्रोत लिनक्स आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्यामुळे खुला करावा लागला, त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ तिथूनच आलं. २०१६ मध्ये काही डेव्हलपर वेगळे होऊन त्यांनी एलईडीई नावाची चूल मांडली आणि २०१८ मध्ये दोन्ही घरं परत एक झाली.

बिघाड जास्त होत नाहीत, दिसतात जास्त. कंपनीच्या राउटरमध्ये एक लाल दिवा लागतो आणि विषय संपतो. इथे पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, कुठे मेलं ते शेवटपर्यंत शोधता येतं. ज्याला शोधायचंच नाही त्याने कंपनीचा राउटर तसाच ठेवावा, त्यात कमीपणा काही नाही.

२. नेट बंद पडलं. पहिलं काय करू, रीस्टार्ट?

नको. या राउटरचा लॉग रॅममध्ये असतो आणि रीस्टार्ट केला की पुसला जातो. पुरावा स्वतःच जाळायचा आणि मग चोर शोधत बसायचं, असं होतं. आधी लॉगरीड ही आज्ञा चालवून शेवटच्या पन्नासेक ओळी कुठेतरी उतरवून घ्या.

मग खालून वर चढा. केबल लागली आहे का? लुसीमध्ये, म्हणजे राउटरच्या सेटिंगच्या वेब पानावर, वॅनला (बाहेरच्या नेटकडच्या बाजूला) आयपी पत्ता दिसतो का? राउटरवरून गेटवे (बाहेर जाण्याच्या वाटेवरचा पुढचा राउटर) पिंग होतो का, म्हणजे हाकेला ओ देतो का? ८.८.८.८ (बाहेरचा, गूगलचा डीएनएस सर्व्हर) पिंग होतं का? नावाने, म्हणजे एखाद्या साइटच्या पत्त्याने, पिंग होतं का? आणि हेच सगळं लॅपटॉपवरून होतं का? जिथे पहिलं ‘नाही’ येईल तिथे थांबा. त्याच्या वरचं काहीही तपासू नका, बदलू तर अजिबात नका. मी स्वतः एकदा रात्री दोनपर्यंत फायरवॉलचे नियम उलटेपालटे करत होतो. सकाळी कळलं की गच्चीवरची केबल उंदराने कुरतडली होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

३. पिंग केलं की कधी ‘नेटवर्क अनरीचेबल’, कधी ‘होस्ट अनरीचेबल’, कधी नुसता टाइमआउट येतो. फरक काय?

फरक मोठा आहे आणि निम्मं निदान त्यातच होतं.

‘नेटवर्क अनरीचेबल’ म्हणजे त्या पत्त्याकडे जाणारा रस्ताच तुमच्या मशीनच्या राउटिंग टेबलात नाही. पॅकेट घराबाहेर पडलेलंच नाही. बहुतेक वेळा डिफॉल्ट गेटवे गायब असतो.

‘होस्ट अनरीचेबल’ म्हणजे रस्ता आहे, पण शेवटच्या गल्लीत हाक मारली तर कोणी ओ देत नाही, म्हणजे एआरपीला (‘हा आयपी कोणाचा?’ या हाकेला) उत्तर नाही. हा निरोप कोणत्या आयपीकडून आला ते नीट वाचा. स्वतःच्या मशीनकडून आला तर गडबड तुमच्याच लॅनमध्ये (घरातल्या नेटवर्कमध्ये) आहे. लांबच्या राउटरकडून आला तर तिकडे. राउटरवर आयपी नेबर ही आज्ञा दिली की शेजाऱ्यांची यादी दिसते. तिथे ‘फेल्ड’ असेल तर काळजी करा. ‘स्टेल’ दिसलं म्हणून घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की बऱ्याच वेळात त्याच्याशी बोलणं झालेलं नाही.

नुसता टाइमआउट म्हणजे पॅकेट गेलं, पण उत्तर आलं नाही. जाताना मेलं की येताना मेलं, हे टाइमआउट सांगत नाही. लोक जातानाचाच रस्ता तपासत बसतात, आणि चूक बहुधा येतानाच्या रस्त्यावर असते. त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये सविस्तर.

४. ट्रेसरूटमध्ये मधेच तीन तारे दिसतात. तिथेच तुटलंय ना?

ट्रेसरूट म्हणजे वाटेतल्या राउटरांची यादी. ताऱ्यांच्या पुढचे टप्पे दिसत असतील तर नाही. मधले बरेच राउटर अशा चौकशीला उत्तरच देत नाहीत किंवा मोजकं देतात. ताऱ्यांपासून शेवटपर्यंत सगळे तारेच असतील आणि साइटही उघडत नसेल, तरच तो टप्पा संशयित.

५. ८.८.८.८ पिंग होतं, पण एकही साइट उघडत नाही.

रस्ता ठीक आहे, नावाचा पत्ता सापडत नाहीये. राउटरवर नावं शोधायचं काम डीएनएसमास्क करतो. राउटरवरूनच एनएसलुकअप चालवा: एकदा नुसतं नाव देऊन आणि एकदा नावापुढे ८.८.८.८ देऊन. दुसरं चाललं आणि पहिलं नाही, तर सेवादात्याने दिलेला डीएनएस, म्हणजे नावांचे पत्ते सांगणारा सर्व्हर, आजारी आहे. वॅन इंटरफेसच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘यूज डीएनएस सर्व्हर्स ॲडव्हर्टाइज्ड बाय पीअर’ वरची खूण काढा आणि स्वतःचे पत्ते लिहा.

याला एक अपवाद आहे. सगळं चालतं, फक्त ऑफिसची किंवा घरच्या एनएएसची (फाइल साठवायच्या डब्याची) एकच साइट उघडत नाही, आणि लॉगमध्ये ‘पॉसिबल डीएनएस-रिबाइंड अटॅक डिटेक्टेड’ असं दिसतं. त्या नावाचं उत्तर खासगी आयपी येतं, आणि डीएनएसमास्क ते मुद्दाम टाकून देतो. हे संरक्षण कामाचं आहे, म्हणून अख्खं बंद करू नका. तेवढं एक डोमेन अपवादांच्या यादीत घाला.

लाइट जाऊन आल्यावरच असं होत असेल तर प्रश्न १६ पाहा.

६. नवीन राउटर लावला, तीच केबल, पण वॅनला आयपीच मिळत नाही. जुना परत लावला की लगेच चालू.

केबलवाल्याकडे बहुधा तुमच्या जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) बांधलेला आहे. त्याला फोन करून नवीन मॅक नोंदवायला सांगा. रविवारी तो फोन उचलणार नाही. तोवर नेटवर्क, इंटरफेसेस, डिव्हायसेस या टॅबमध्ये वॅनला जुन्या राउटरचा मॅक द्या. जुन्या राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर तो छापलेला असतो, पण तिथे कधी लॅनचा मॅक असतो आणि वॅनचा त्याच्याहून एखाद्या आकड्याने पुढे-मागे. जुना चालू करून त्याच्या स्टेटस पानावर वाचलेला बरा.

कारण मॅक नसेल तर व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर क्रमांक लावून वेगळी ठेवलेली नेटवर्कं. काही फायबर जोडण्यांवर वॅनच्या वाहतुकीला व्हीलॅन क्रमांक लावावा लागतो. तो जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये दिसतो. समजा १०० असेल, तर वॅनचं डिव्हाइस नुसतं ‘वॅन’ न ठेवता ‘वॅन.१००’ करायचं.

७. पीपीपीओई आहे. लॉगमध्ये ‘टाइमआउट वेटिंग फॉर पाडो पॅकेट्स’ सारखं येतं.

पीपीपीओईमध्ये, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडायच्या पद्धतीत, तुमचा राउटर आधी ओरडून विचारतो, ‘कोणी आहे का?’ ती पाडी. पलीकडचा सर्व्हर म्हणतो, ‘मी आहे’. ती पाडो. म्हणजे तुमच्या हाकेला कोणी उत्तरच दिलेलं नाही. युजरनेम-पासवर्ड विचारायची वेळ अजून आलेलीच नाही, त्यामुळे ते दहादा टाइप करून काही होणार नाही. तार, फायबरचा डबा किंवा व्हीलॅन बघा. डबा स्वतःच राउटर होऊन बसला असेल तरीही हेच होतं. तो ब्रिज मोडमध्ये, म्हणजे पॅकेट नुसती पुढे ढकलणारा, हवा.

लॉगमध्ये ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ दिसलं तर मात्र पासवर्ड, संपलेलं रिचार्ज, किंवा अडकलेलं सेशन. राउटर अचानक बंद पडला की जुनं सेशन संपलं हे पलीकडच्या सर्व्हरला लगेच कळत नाही, आणि एका खात्यावर एकच सेशन चालत असेल तर नवीन नाकारलं जातं. पाच-दहा मिनिटं राउटर बंद ठेवून मग लावा.

८. फायबरच्या डब्यामागे ओपनडब्ल्यूआरटी लावला आणि नेट तर नाहीच, कधी लुसी उघडते तर कधी डब्याचं पान.

दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे. राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच सबनेट (पत्त्यांचा गट) असेल तर कोणतं पॅकेट कुठे द्यायचं हे त्याला ठरवता येत नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या लॅनचा पत्ता बदला. १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.२.१ देऊ नका, ते पुढे कुठेतरी पुन्हा आडवे येतात. १०.७३.१८.१ असलं काहीतरी कोणाच्या डोक्यात न येणारं घ्या. व्हीपीएन (दोन नेटवर्कांमधला सुरक्षित बोगदा) वापरायची वेळ येईल तेव्हा हा सल्ला आठवेल (प्रश्न १५).

९. दुसऱ्या मजल्यावर दुसरा राउटर आहे, त्याच्यामागे वेगळं नेटवर्क. स्टॅटिक राउट घातला तरी पलीकडचं काही दिसत नाही.

हा माझ्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा बसून बोलू.

खालचा राउटर अ, त्याचं नेटवर्क १९२.१६८.१०.०/२४. वरचा राउटर ब, त्याचा वॅन अ च्या लॅनमध्ये जोडलेला, पत्ता १९२.१६८.१०.२, आणि त्याच्यामागे १९२.१६८.२०.०/२४. तुम्ही अ वर स्टॅटिक राउट, म्हणजे हाताने दिलेला रस्ता, लिहिलात: २० कडे जायचं तर १०.२ ला द्या. बरोबर आहे. आता पॅकेटबरोबर चालत जा.

लॅपटॉपवरून पॅकेट अ कडे गेलं, अ ने ब ला दिलं. ब च्या दृष्टीने ते वॅनकडून आलं. ओपनडब्ल्यूआरटीची फायरवॉल वॅनकडून लॅनकडे कोणाला सोडत नाही, ते तिचं कामच आहे. म्हणजे पॅकेट दारातच मेलं. ब वर वॅन झोनमधून लॅन झोनकडे फॉरवर्डिंग द्यावं लागेल. ब हा घरातलाच राउटर आहे आणि बाहेरच्या जगाला अ तोंड देतोय, म्हणून इथे ते चालेल. थेट इंटरनेटला लागलेल्या राउटरवर हे कधीही करू नका.

पॅकेट आत गेलं, पलीकडच्या मशीनला मिळालं. आता परत येताना? त्या मशीनचा गेटवे ब हवा. एखाद्या प्रिंटरला किंवा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला हाताने आयपी दिलेला असतो आणि गेटवेची चौकट रिकामी सोडलेली असते. आपल्या सबनेटात ते झकास बोलतं, बाहेरून आलेल्याला उत्तर द्यायचा रस्ताच त्याच्याकडे नसतो. विंडोज मशीन असेल तर तिची स्वतःची फायरवॉल दुसऱ्या सबनेटमधून आलेला पिंग बहुधा गिळून टाकते. राउटरला बोल लावण्याआधी ती तपासा.

तिसरी जागा मास्करेडिंगची, म्हणजे आतल्यांचा पत्ता झाकून राउटरचाच पत्ता लावण्याची. ब च्या वॅन झोनवर ते मुळातच चालू असतं, त्यामुळे वरच्या मजल्यावरून निघालेली नवी जोडणी खाली १०.२ च्या नावाने दिसते. खरं राउटिंग हवं तर ते बंद करा. पण बंद केलं की अ ला २० चा रस्ता माहीत असलाच पाहिजे. अ जर सेवादात्याचा डबा असेल आणि त्यात स्टॅटिक राउटची सोयच नसेल, तर मास्करेडिंग राहू द्या आणि एकतर्फी पोचण्यावर समाधान माना.

हे सगळं अंदाजाने करायची गरज नाही. ब वर टीसीपीडम्प-मिनी हे जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं पॅकेज घाला, एका खिडकीत वॅन आणि दुसऱ्या खिडकीत बीआर-लॅन (लॅनची बाजू) ऐकत बसा आणि लॅपटॉपवरून पिंग सोडा. वॅनवर दिसतं पण बीआर-लॅनवर नाही: फायरवॉल. दोन्हीकडे विनंती दिसते पण उत्तर कुठेच नाही: पलीकडचं मशीन. उत्तर बीआर-लॅनपर्यंत येतं आणि पुढे जात नाही: ब चं राउटिंग. दोन मिनिटांचं काम आहे.

१०. वरच्यासारखंच आहे, पण पिंग होतं आणि वेबपेज किंवा रिमोट डेस्कटॉप अडकतं.

जायचा आणि यायचा रस्ता वेगवेगळा आहे. ब वर मास्करेडिंग बंद असताना लॅपटॉपचं पॅकेट अ मार्गे ब कडे जातं. पण उत्तर देताना ब ला लॅपटॉप थेट समोर दिसतो, कारण दोघेही १० च्याच सबनेटात आहेत. उत्तर अ ला वगळून सरळ येतं. अ ने जोडणीचा पहिला नमस्कार पाहिला, उलट नमस्कार पाहिलाच नाही. मग तिसरं पॅकेट त्याला संशयास्पद वाटतं. अ वर ‘ड्रॉप इनव्हॅलिड पॅकेट्स’ चालू असेल तर ते तिथेच पडतं. पिंगला असा तीन पायऱ्यांचा रिवाज नसल्याने ते पार होतं.

चांगला उपाय म्हणजे अ आणि ब मधली तार वेगळ्या सबनेटवर ठेवणं. ते जमत नसेल तर डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) पर्याय क्रमांक १२१ मधून २० चा रस्ता थेट लॅपटॉपलाच शिकवा, म्हणजे तो अ ला विचारणारच नाही.

११. साधी पानं उघडतात, पिंग छान, पण काही साइट अर्ध्यावर लटकतात आणि मोठी फाइल अपलोड होत नाही.

मोठी पॅकेट कुठेतरी अडकताहेत. इथरनेटचं पॅकेट १५०० बाइटचं. पीपीपीओई त्यातले ८ खातं आणि १४९२ उरतात. मधल्या कोणी ‘एवढं मोठं मावत नाही’ हा आयसीएमपी निरोप अडवला असेल, तर पाठवणाऱ्याला कळतच नाही आणि तो तेच पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत राहतो.

तपासणी: विंडोजवर पिंगला ‘तुकडे करू नको’ म्हणून डॅश-एफ आणि आकारासाठी डॅश-एल १४६४ द्या. शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की बरोबर १४९२ होतात. १४६४ जातं आणि १४६५ जात नाही, तर वाट ठीक आहे. त्याहून कमीलाच अडलं तर जिथे जातं त्या आकड्यात २८ मिळवा आणि तो वॅनचा एमटीयू (सर्वांत मोठ्या पॅकेटचा आकार) ठेवा. वॅन झोनवर ‘एमएसएस क्लॅम्पिंग’ (पॅकेट मावतील एवढीच ठेवायला लावणारी सोय) सुरुवातीपासून चालू असतं. कोणाच्या तरी व्हिडिओवरून सेटिंग करताना ते बंद झालं असेल तर परत लावा. आणि सुरक्षेच्या नावाखाली सगळं आयसीएमपी बंद करायचा सल्ला देणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

१२. पोर्ट फॉरवर्डिंग केलं, नियम बरोबर आहे, बाहेरून कॅमेरा दिसत नाही.

वॅनचा आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एकच सार्वजनिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला आहे आणि बाहेरून येणारं पॅकेट तुमच्यापर्यंत येतच नाही. तुमच्या राउटरवरचा कोणताही नियम हे बदलू शकत नाही. पैसे देऊन स्थिर आयपी घ्या, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर ते वापरा, किंवा बाहेरच्या एखाद्या सर्व्हरशी वायरगार्ड (एक प्रकारचं व्हीपीएन) जोडा. वॅनवर १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता असेल तर वरचा डबा नॅट (पत्त्यांची अदलाबदल) करतोय. त्याच्यावरही फॉरवर्ड करावं लागेल, किंवा तो ब्रिज करा.

चाचणी मोबाइल डेटावरून करा. घरच्या वायफायवरून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर गेलात तर तो ‘नॅट लूपबॅक’चा वेगळा रस्ता असतो, आणि त्यावरून बाहेरचं काहीच सिद्ध होत नाही.

१३. दोन कनेक्शनं आहेत. एक बंद पडलं तरी नेट आपोआप दुसऱ्यावर जात नाही.

दोन्ही वॅनना वेगळं मेट्रिक द्या, समजा १० आणि २०. कमी आकडा आधी वापरला जातो. दोन्हींचं सारखंच असेल तर कोणता डिफॉल्ट रस्ता टिकेल याचा भरवसा नाही.

एवढ्याने काम अर्धंच होतं. फायबर रस्त्यात तुटली तरी घरातल्या डब्यापासून राउटरपर्यंतची तार जिवंतच असते. राउटरला वाटतं सगळं आलबेल आहे. म्हणून एमवॅन३ हे पॅकेज लागतं. ते प्रत्येक वॅनवरून बाहेरचे पत्ते पिंग करत राहतं आणि उत्तर थांबलं की रस्ता बदलतं. पिंग करायला गेटवेचा पत्ता देऊ नका, खरोखर बाहेरचे दोन-तीन द्या.

दोन्ही लाइन एकत्र वापरताना बँकेची साइट सारखी लॉगआउट करत असेल, तर एचटीटीपीएसच्या नियमावर ‘स्टिकी’ चालू करा. मधेच आयपी बदलला की बँक घाबरते.

१४. वायरगार्डचा हँडशेकच होत नाही आणि लॉगमध्ये एक ओळ नाही.

ते मुद्दाम गप्प असतं. ओळख न पटलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे चुकीची किल्ली आणि बंद पोर्ट बाहेरून सारखेच दिसतात. डब्ल्यूजी शो चालवा. पाठवलेले बाइट वाढताहेत आणि आलेले शून्य असतील तर क्रमाने बघा: सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, उघडा आहे का, सर्व्हर सीजीनॅटमागे तर नाही ना (प्रश्न १२), दोन्हीकडे समोरच्याचीच सार्वजनिक किल्ली घातली आहे ना. स्वतःचीच सार्वजनिक किल्ली समोरच्याच्या जागी चिकटवणं ही चूक मी मोजायची सोडून दिली आहे.

काल चालत होतं आणि आज नाही? सर्व्हरचं नाव डायनॅमिक डीएनएसवर असेल तर ते इंटरफेस सुरू होतानाच शोधलं जातं. नंतर आयपी बदलला तरी जुनाच धरून ठेवलेला असतो. वायरगार्ड-टूल्सबरोबर येणारी वॉचडॉग स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यादीत) लावा.

१५. हँडशेक होतो, पण पलीकडचं काही उघडत नाही.

चार जागा आहेत. ‘अलाउड आयपीज’मध्ये पलीकडचं सबनेट नसेल तर पिंगला ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ असं उत्तर येतं. हीच यादी रस्ताही ठरवते आणि परवानगीही. यादीत आहे पण राउटिंग टेबलात नाही, तर ‘राउट अलाउड आयपीज’ची खूण राहिली आहे. वायरगार्डचा इंटरफेस कुठल्याच फायरवॉल झोनमध्ये नसेल तर लॅनमधून तिकडे कोणी जाणार नाही. राउटरवरून पिंग होतं पण लॅपटॉपवरून नाही, याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. आणि घरचं सबनेट ऑफिसच्या सबनेटासारखंच असेल तर लॅपटॉपला वाटतं सर्व्हर घरातच आहे. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर घरचं बदला.

एक छुपा अपवाद. वायरगार्डचा एमटीयू १४२० असतो आणि त्याचं वेष्टण आयपीव्ही४ वर ६० बाइटचं, आयपीव्ही६ वर ८० चं. पीपीपीओईच्या १४९२ मध्ये १४८० मावतात, १५०० मावत नाहीत. म्हणजे सर्व्हर आयपीव्ही४ वर असताना सुरळीत चाललेला बोगदा आयपीव्ही६ वर गेला की प्रश्न ११ सारखा लटकायला लागतो. १४१२ ठेवा.

१६. लाइट जाऊन आली की नेट ‘कनेक्टेड’ दिसतं, पण साइट उघडत नाहीत किंवा व्हीपीएन जोडत नाही. काही वेळाने आपोआप नीट होतं.

घड्याळ. बहुतेक घरगुती राउटरमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. चालू होताना ओपनडब्ल्यूआरटी सेटिंगच्या फोल्डरमधल्या सर्वांत नव्या फाइलची वेळ धरतो. तुम्ही शेवटचं सेटिंग चार महिन्यांपूर्वी बदललं असेल तर राउटर चार महिने मागे जागा होतो. मग तो इंटरनेटवरून वेळ विचारतो.

डीएनएस एन्क्रिप्टेड असेल तर इथे गाठ बसते. वेळ विचारायला सर्व्हरचं नाव शोधावं लागतं. नाव शोधायला सुरक्षित जोडणी लागते. त्या जोडणीचं प्रमाणपत्र गेल्या महिन्यात काढलेलं असेल तर राउटरच्या मते ते अजून लागूच झालेलं नाही. वेळ सांगणाऱ्या सर्व्हरच्या नावापुरतं डीएनएसमास्कला साध्या डीएनएसकडे पाठवा, की गाठ सुटते.

वायरगार्डचं वेगळं. जुनं पॅकेट कोणी पुन्हा वाजवू नये म्हणून तो हँडशेकबरोबर वेळेचा शिक्का पाठवतो आणि समोरचा आधीपेक्षा जुना शिक्का नाकारतो. राउटरचं घड्याळ मागे असेपर्यंत किल्ल्या बरोबर असूनही जोडणी होणार नाही. भारनियमनाच्या गावात राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही एका छोट्या यूपीएसवर ठेवा. फक्त राउटर ठेवून उपयोग नाही.

१७. राउटरला आयपीव्ही६ मिळतं, घरातल्या फोनना मिळत नाही.

राउटरला स्वतःपुरता पत्ता मिळणं वेगळं आणि घरात वाटायला प्रीफिक्स (पत्त्यांचा पट्टा) मिळणं वेगळं. लुसीत वॅन६ समोर ‘आयपीव्ही६-पीडी’ अशी ओळ नसेल तर सेवादात्याने प्रीफिक्स दिलेलाच नाही. आधी मागा, नाही म्हणाला तर लॅनवर रिले मोड करून बघा. नुसता /६४ मिळाला तर एकच नेटवर्क होईल, पाहुण्यांच्या वायफायला उरणार नाही. लॅपटॉपला मिळतं आणि फक्त अँड्रॉइडला नाही, तर तुम्ही पत्तेवाटप केवळ डीएचसीपीव्ही६ वर ठेवलं आहे. एसएलएएसी (उपकरणाने स्वतःच पत्ता बनवायची पद्धत) चालू करा.

१८. मुलाच्या फोनचं नेट रात्री दहाला बंद करायचा नियम लावला. व्हिडिओ चालूच राहतो!

नियम नव्या जोडण्यांना लागतो. आधीपासून चालू असलेली जोडणी फायरवॉल वरच्या वर सोडते. जोडण्यांची नोंद पुसली की थांबेल. त्यासाठी कॉन्ट्रॅक पॅकेज टाकून नियमाच्या वेळेलाच क्रॉनमधून त्या आयपीच्या नोंदी काढा. तरीही चालू राहिलं तर फोन दर वेळी वेगळा मॅक दाखवतोय किंवा मोबाइल डेटावर आहे. दुसऱ्यावर राउटरकडे उपाय नाही.

१९. संध्याकाळी सगळे घरी आले की नेट रखडतं, पिंग हजारात जातं.

कोणी अपलोड करत असताना होत असेल तर मॉडेममध्ये रांग लागते आहे. एसक्यूएम हे रांग आवरणारं पॅकेज घालून त्यात केक ही पद्धत निवडा आणि मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा ठेवा. हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (पॅकेट प्रोसेसरऐवजी चिपनेच हलवणं) चालू असेल तर पॅकेट एसक्यूएमला वळसा घालून जातात. दोन्हींतलं एकच ठेवा. लॉगमध्ये ‘एनएफ कॉन्ट्रॅक: टेबल फुल’ (जोडण्यांची नोंदवही भरली) दिसलं तर घरात कोणीतरी टॉरेंट लावलंय.

२०. अपग्रेड केलं आणि व्हीलॅन, फायरवॉल सगळं विस्कटलं.

दोन मोठी वळणं लक्षात ठेवा. २१.०२ पासून अनेक राउटर स्विच हाताळायच्या नव्या पद्धतीवर, डीएसएवर, गेले. जुनी व्हीलॅन सेटिंग तिथे चालत नाहीत. २२.०३ पासून फायरवॉल आयपीटेबल्स सोडून एनएफटेबल्सवर आली; फायरवॉल.युजर फाइलमध्ये लिहिलेल्या जुन्या ओळी आता आपोआप चालत नाहीत. ही वळणं ओलांडताना सेटिंग जपून ठेवण्याची खूण काढा आणि हाताने नव्याने लिहा. कंटाळवाणं आहे, पण एका संध्याकाळचंच.

२१. व्हीलॅन फिल्टरिंग चालू केलं आणि मीच बाहेर कोंडलो गेलो.

लुसीतून केलं असेल तर हात लावू नका, थोडं थांबा. पान पुन्हा जोडलं गेलं नाही तर लुसी बदल आपोआप मागे घेते. कोंडलं जाण्याचं कारण बहुतेकदा हे, की लॅन इंटरफेस अजून बीआर-लॅनवरच राहिला आणि तो बीआर-लॅन.१ वर न्यायला हवा होता.

टर्मिनलमधून केलं असेल तर फेलसेफ, म्हणजे तुमची सेटिंग न वाचता राउटर चालू करणं. लॅपटॉपला १९२.१६८.१.२ पत्ता देऊन तारेने जोडा, राउटर चालू करा, दिवा भराभर लुकलुकायला लागला की बटण दाबा. १९२.१६८.१.१ वर एसएसएच करा, माउंट-रूट चालवा आणि चूक दुरुस्त करा. शब्दांमधली ती आडवी रेघ आज्ञेत खाली असते. फर्स्टबूट सगळंच पुसतं, ते शेवटी.

२२. यातलं काहीच लागू झालं नाही. मदत मागताना काय पाठवू?

राउटरचं मॉडेल, ओपनडब्ल्यूआरटीची आवृत्ती, कोण कोणाला जोडलंय याचं कागदावर काढलेलं चित्र, आयपी राउट आणि लॉगरीडचं उत्तर, आणि ‘कुठून कुठे पिंग होतं, कुठे होत नाही’ याची यादी. ‘नेट चालत नाही’ एवढंच लिहिलंत तर मी प्रश्न २ कडेच पाठवणार.

नेटवर्कची सेटिंग फाइल जशीच्या तशी चिकटवू नका. तिच्यात पीपीपीओईचा पासवर्ड आणि वायरगार्डची खासगी किल्ली उघड्या अक्षरांत असते. चिकटवून झाली असेल तर पोस्ट पुसत बसण्याआधी किल्ली बदला.